डुकरांच्या लाळेची तपासणी: दोर टांगण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

डुकराचं रक्त काढायचं म्हणजे शेडवर निम्मा दिवस गोंधळ. मानेतली शीर चरबीखाली खोल असते, बाहेरून दिसत नाही. नाकाला फास टाकून जनावर धरावं लागतं, एकानं धरायचं, दुसऱ्यानं सुई टोचायची, आणि एक ओरडलं की शेजारचे चार कप्पे त्याला साथ देतात. शिवाय फास पडल्यावर काही मिनिटांतच जनावराच्या अंगात ताणाची संप्रेरकं चढतात. म्हणजे ताण मोजायला गेलो आणि आपणच तो वाढवून आलो. लाळ घ्यायला यातलं काहीच लागत नाही. डुकराला चघळायची मुळातच आवड. सुती दोर समोर लोंबला की ते आपण होऊन तोंडात घेतं.

मात्र ‘लाळ तपासणी’ या एका नावाखाली दोन वेगळी कामं येतात आणि बहुतेकांची गफलत इथंच होते. पहिलं काम रोग शोधण्याचं. कप्प्यात विषाणू फिरतोय का, प्रतिपिंडं तयार झालीत का, एवढंच बघायचं असेल तर सगळ्या कप्प्याची मिळून एक लाळ चालते. ती दोरावर घेतात. दुसरं काम ताण, वेदना आणि दाह मोजण्याचं. तिथं ठरावीक जनावराची स्वतंत्र लाळ लागते आणि ती छोट्या स्पंजवर घेतात. दोराची लाळ पाठवून ‘कॉर्टिसॉल (ताणाचं मुख्य संप्रेरक) सांगा’ म्हटलं तर आकडा येईल, पण तो कुठल्या डुकराचा हे कुणीच सांगू शकणार नाही. म्हणून दोर विकत घेण्याआधी आपला प्रश्न एका ओळीत कागदावर लिहावा. ‘तब्येत बघायची आहे’ हा प्रश्न नव्हे. ‘दूध तोडल्यावर तिसऱ्या आठवड्यात पिल्लं खोकायला लागतात, त्यात पीआरआरएस (श्वसन आणि प्रजननाचा विषाणूजन्य रोग) आहे का’ हा प्रश्न.

दोर कसला घ्यायचा

शंभर टक्के सुती, तीन पदरी, न रंगवलेला, ब्लीच न केलेला. दूध तोडलेल्या पिल्लांसाठी जाडी सुमारे १.३ सेंटिमीटर, वाढत्या आणि विक्रीच्या डुकरांसाठी सुमारे १.६ सेंटिमीटर. दोरखंडाच्या दुकानात कासरा मागितला तर हल्ली बहुधा नायलॉनचाच हातात ठेवतात. तो चालत नाही, कारण नायलॉन लाळ शोषत नाही. ती ओघळून खाली जाते. काथ्या आणि ताग तोंडाला बोचतात आणि पिळल्यावर त्यांतून लाळही कमी निघते. खात्री करायची तर दुकानातच एक धागा काडीनं पेटवून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि राख उरते. नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. मिश्र धागा असेल तर दोन्ही दिसतं. तोही नको.

नवा दोर साध्या पाण्यात उकळून कडक उन्हात वाळवला की खळ आणि धूळ निघून जाते. साबण, फिनेल, ब्लीचिंग पावडर यांचा हातही लागू देऊ नका. वापरलेला दोर धुऊन पुन्हा दुसऱ्या कप्प्यात लावणं हा तर निव्वळ पैसे वाया घालवायचा प्रकार: पहिल्या कप्प्यातल्या विषाणूचा अंश दुसऱ्याच्या अहवालात दिसू शकतो आणि खरा रोगही त्याच दोरावरून पुढं जाऊ शकतो. एक कप्पा, एक दोर; काम झालं की जाळून टाकायचा.

आता गुळाबद्दल. दोर गुळाच्या पाण्यात किंवा मळीत बुडवला तर डुकरं तुटून पडतात हे खरं, आणि कोल्हापुरात गूळ हाताशीच असतो. पण नमुन्याच्या दोराला गूळ लावू नका. साखरेनं लाळ चिकट होते, वाटेत आंबते, आणि तपासणीत अडथळा येऊ शकतो. गुळाचा उपयोग करायचाच तर सरावासाठी करा: नमुन्याच्या आदल्या दिवशी गूळ लावलेला जुना तुकडा अर्धा तास टांगायचा आणि काढून फेकायचा. दुसऱ्या दिवशी कोरा दोर लावला तरी जनावरं येतात.

टांगायचा कुठं, किती वेळ

सकाळी, जनावरं उठून हिंडायला लागली की. दुपारी बारानंतर एप्रिल-मेमध्ये डुकरं फरशीवर धापा टाकत पडलेली असतात. तेव्हा दोराकडं कुणी फिरकत नाही.

दोराचं खालचं टोक कप्प्यातल्या जनावरांच्या खांद्याच्या उंचीवर यायला हवं. त्याहून वर असेल तर बुटकी पोचत नाहीत, खाली लोळत असेल तर शेण-मूत शोषतो. टोकाचे पीळ आठ-दहा सेंटिमीटर सोडवून कुंचल्यासारखे मोकळे करा, लाळ जास्त धरते. वरची गाठ मजबूत बांधा, कारण पाच-सहा वाढती डुकरं एकदम ओढतात आणि ढिली गाठ सुटली की दोर थेट शेणात. जागा निवडताना तीन ठिकाणं टाळा: पाण्याचा निपल, खाद्याची गव्हाण आणि हगायचा कोपरा. पावसाळ्यात चौथंही एक आहे, पत्र्याच्या गळतीखालची जागा. जुलै-ऑगस्टच्या झडीत दोर पावसाच्या पाण्यानंच भिजला तर ‘भरपूर लाळ मिळाली’ असं वाटतं आणि प्रयोगशाळेत पाणी तपासलं जातं.

साधारण २५ जनावरांना एक दोर पुरतो. आपल्याकडचे कप्पे बहुधा १०-१५ जनावरांचे असतात, तिथं एक दोर भरपूर. वेळ २० ते ३० मिनिटं. पिल्लांना दोर नवा असेल तर पहिल्या वेळी तासभरही लागतो. दूध पिणाऱ्या पिल्लांकडून मात्र एकट्यादुकट्यानं फारसं काही मिळत नाही. त्यांच्यासाठी आईला आदल्या दिवशी दोराची ओळख करून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी आई व पिल्लं दोघांनाही पोचेल असा दोर टांगायचा. आई चघळायला लागली की पिल्लं शिकतात.

दोर टांगून चहाला जाऊ नका. ही २०-३० मिनिटं कप्प्याबाहेर शांत उभं राहून कोण आलं आणि कोण आलं नाही हे बघण्याची आहेत. दोर चघळतं ते बहुधा अंगात तरतरी असलेलं डुक्कर. ताप भरलेलं, लंगडणारं, इतरांचा मार खाऊन कोपऱ्यात बसलेलं जनावर दोराकडं येत नाही, आणि नेमकी त्याचीच लाळ नमुन्यात नसते. तेव्हा ‘१२ पैकी ९ आली, ३ आली नाहीत’ हे आकडे नोंदवा आणि न आलेल्या तिघांना पाठीवर रंगाची खूण करा. काम संपल्यावर त्यांचं गुदद्वारातलं तापमान घ्या. निरोगी डुकराचं ते सुमारे ३९ अंश सेल्सिअस असतं, ४०.५च्या वर गेलं तर लाळेचा अहवाल येईपर्यंत थांबायचं कारण नाही, पशुवैद्यकाला बोलवा. पुष्कळदा हा आकडाच पुढच्या अहवालाहून जास्त सांगून जातो.

पिळून नळीत

कप्प्यागणिक नवे हातमोजे. दोर टांगलेला असतानाच त्याच्या ओल्या भागाला खालून स्वच्छ झिपची पिशवी चढवायची, आणि मग वरून कोरड्या जागी कापायचा. पिशवीचं तोंड मुठीत धरून दोर पिशवीच्या आतच वरून खाली पिळायचा, म्हणजे लाळ एका कोपऱ्यात साठते. तो कोपरा स्वच्छ कात्रीनं जरासा कापून धार थेट नळीत सोडायची. कात्री दर वेळी स्पिरिटनं पुसून वाळू द्यायची. वाढत्या डुकरांच्या कप्प्यातून १० मिलिलिटर सहज मिळते, कधी ५०ही. पिल्लांकडून ३-४ मिलिलिटर मिळाली तरी पुरे. नळी काठोकाठ भरू नका, गोठल्यावर फुटते.

निघालेली लाळ गढूळ, करड्या-तपकिरी रंगाची असते. त्यात खाद्याचे कण असणारच. गाळ खाली बसेपर्यंत नळी बर्फात उभी ठेवा आणि वरचा भाग दुसऱ्या नळीत घ्या. गाळण्यासाठी फडकं वापरू नका.

नळीवर कप्पा, तारीख, वेळ कायम शाईनं लिहा. साधं पेन बर्फाच्या पाण्यात पुसलं जातं आणि मग सहा नळ्या सहा अनाथ. सोबतच्या कागदावर वय, जनावरांची संख्या, किती आली, लस कधी दिली, प्रतिजैविक चालू आहे का, खाद्य काय. कामाचा क्रम नेहमी लहान पिल्लांकडून मोठ्यांकडं आणि निरोगी कप्प्याकडून आजारी कप्प्याकडं.

हातमोज्यांचा आग्रह फक्त नमुन्यासाठी नाही. डुकराच्या तोंडात आणि टॉन्सिलमध्ये स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जिवाणू राहतो. हाताच्या जखमेतून तो माणसाला लागून मेंदूज्वर होऊ शकतो. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला पुढं करा. खोकणाऱ्या कप्प्यात मास्कही लावा, कारण इन्फ्लुएन्झा डुकराकडून माणसाकडं जातो आणि माणसाकडून डुकराकडंही.

ताण मोजायचा असेल तर

इथं दोर बाजूला ठेवा. साधारण ५ × २ × २ सेंटिमीटरचा पॉलिप्रोपिलिनचा स्पंज बोथट टोकाच्या चिमट्यात किंवा लवचिक धातूच्या काडीला घट्ट अडकवून जनावरापुढं धरायचा. एखाद मिनिट चघळू दिलं की तो चांगला ओला होतो. तीन आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना लाळ कमी असते, त्यांना जास्त वेळ द्यावा लागतो. कापसाचा बोळा स्वस्त पडतो, पण काही संप्रेरकं आणि प्रथिनं कापसात अडकून राहतात आणि आकडा फसवा येतो. प्रयोगशाळा ज्यावर काम करते तेच साहित्य तिला विचारून घ्या. ओला स्पंज खास दुहेरी नळीत घालून सेंट्रिफ्यूजवर ३००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३००० पट) वेगानं १० मिनिटं फिरवतात. यंत्र हाताशी नसेल तर स्पंज सुई नसलेल्या १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये घालून दट्ट्यानं दाबला तरी लाळ निघते, जरा फेसाळ असते इतकंच. अर्धा ते एक मिलिलिटर पुष्कळ झाली.

वेळेचं गणित इथं फार कडक आहे. कॉर्टिसॉल आधी रक्तात चढतं, मग काही मिनिटांनी लाळेत दिसतं. म्हणून आपण कप्प्यात शिरल्यापासून दोन-तीन मिनिटांत नमुना घेतला तर तो आपल्या येण्याआधीची स्थिती दाखवतो. पाठलाग करून, कोपऱ्यात गाठून वीस मिनिटांनी घेतला तर तो आपल्या पाठलागाची स्थिती दाखवतो. जनावर येत नसेल तर सोडून द्या, दुसरं घ्या. शिवाय वाढत्या वयाच्या डुकरांत कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असतं. सोमवारी सकाळी आठला आणि गुरुवारी दुपारी चारला घेतलेले नमुने शेजारी मांडून काहीही सिद्ध होत नाही. नेहमी तीच वेळ, तोच माणूस, खाद्यानंतर किमान तासभर.

काय तपासायला सांगायचं? कॉर्टिसॉल सगळ्यांना माहीत असतं. अल्फा-अमायलेज आणि क्रोमोग्रॅनिन-ए ही लाळेतली प्रथिनं झटक्याच्या ताणाला लगेच उसळतात: गाडीत चढवणं, नवी जनावरं एकत्र करणं. अ‍ॅडिनोसिन डिअ‍ॅमिनेज हे विकर (एन्झाइम) शरीराची प्रतिकारयंत्रणा कामाला लागल्यावर वाढतं. हॅप्टोग्लोबिन आणि सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन ही दाहाची प्रथिनं. लाळेतल्या या दर्शकांवर स्पेनमधल्या मुर्सिया विद्यापीठात पुष्कळ काम झालंय. व्यवहाराची गोष्ट अशी की कॉर्टिसॉलचा रेणू माणसात आणि डुकरात एकच आहे, त्यामुळं माणसाच्या लाळेसाठीचा एलायझा (प्रतिपिंडांच्या मदतीनं मोजणारी चाचणी) संच डुकरांवर पडताळून वापरता येतो. दाहाच्या प्रथिनांचं तसं नाही, त्यांना बहुधा डुकरासाठीचाच संच लागतो. आणि माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमधली नेहमीची रक्तातल्या कॉर्टिसॉलची चाचणी लाळेला लावू नका. लाळेत कॉर्टिसॉलचा फक्त मोकळा अंश उतरतो, तो रक्ताच्या मानानं फारच थोडा असतो आणि यंत्राच्या खालच्या मर्यादेपाशी घुटमळतो.

नमुना कशानं बिघडतो

रक्तानं. हिरडी सोलली, जीभ चावली गेली, दात पडतोय, तरी लाळ गुलाबी होते. रक्तात कॉर्टिसॉल आणि हॅप्टोग्लोबिन लाळेहून कितीतरी जास्त असल्यामुळं थेंबभर रक्तही आकडा उडवतं. गुलाबी नळी ताणाच्या तपासणीसाठी फेकून द्यायची, हळहळायचं नाही.

पण लाल दिसलं म्हणजे रक्तच असंही नाही. हॉटेलच्या खरकट्यावर डुकरं पाळणारे कोल्हापुरात आहेत, आणि इथल्या खरकट्यात कट असतोच. तांबड्या रश्श्याचा रंग आणि तेल दोराला लागतं. नळी बर्फात दहा मिनिटं उभी ठेवली की फरक कळतो: तेलाचा तवंग वर येऊन गोळा होतो, रक्ताचा गुलाबीपणा पाण्यात एकजीव राहतो किंवा पेशी खाली बसून लाल थर दिसतो. अर्थात तवंग आलेला नमुनाही ताणाच्या तपासणीला निकामीच. खरकटं देणाऱ्यांनी त्या सकाळी आधी लाळ घ्यावी, मग खाद्य घालावं. (खरकटं किमान ९० अंशांवर तासभर ढवळत उकळल्याशिवाय घालूच नये. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग पसरायची ती एक राजरोस वाट आहे.)

शेण लागलेला नमुना, चार तास उन्हात राहिलेला नमुना, गोठवून वितळवून पुन्हा गोठवलेला नमुना: तिन्ही बाद.

कोल्हापुरातून पाठवताना

पिळल्यापासून नळी बर्फातच हवी. एका दिवसात पोचणार असेल तर ४ अंशांवर, त्याहून उशीर होणार असेल तर उणे २० अंशांवर गोठवून. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा दोन-तीन दिवसांपुरता ठीक, पण तिथं खाण्याचं काही ठेवू नका. महिनोन् महिने राखून ठेवायच्या ताणाच्या नमुन्यांना उणे ८० अंश लागतात, ती सोय संस्थेतच असते. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या विटा, नळ्या उभ्या, प्रत्येक नळी स्वतंत्र पिशवीत, कागद वेगळ्या प्लास्टिकमध्ये. शुक्रवारी-शनिवारी पाठवू नका. रविवारी खोकं कुठंतरी पडून राहतं आणि बर्फ संपतो.

रोगाच्या तपासणीचा रस्ता आपल्या तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून जातो. पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा पुण्यात औंधला आहे. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही पुण्याच्या वाटेवरच. कुठली चाचणी कुठं होते आणि दोराची लाळ चालते का, हे नमुना घेण्याआधी फोन करून विचारा. काही ठिकाणी फक्त रक्तजलच (सीरम) स्वीकारतात.

एक ठाम अपवाद. अचानक मरतूक, भरभरून ताप, कानावर-पोटावर निळे-जांभळे चट्टे दिसले तर दोर टांगत बसू नका. भारतात आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२०मध्ये ईशान्येकडून शिरला. तो आणि क्लासिकल स्वाइन फीव्हर दोन्ही २००९च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याखाली कळवावेच लागणारे रोग आहेत. अशा वेळी रक्त, प्लीहा यांचे नमुने पशुवैद्यकच घेतात आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हरची खात्री भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. तसंच तोंडातून लाळेच्या तारा लोंबतायत, नाकाडावर आणि खुरांपाशी फोड आलेत, तर ते लाळ-खुरकताचं लक्षण असू शकतं. गल्लोगल्ली म्हशी असलेल्या या जिल्ह्यात ते लपवणं म्हणजे शेजाऱ्याच्या गोठ्यालाच आग लावणं. डुक्कर श्वासावाटे हा विषाणू गाई-म्हशींपेक्षा कितीतरी जास्त सोडतं.

अहवाल वाचताना

पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह म्हणजे त्या कप्प्यातल्या किमान एका जनावराच्या तोंडातून त्या विषाणूचा अंश आला. किती जनावरं बाधित आहेत हे त्यावरून कळत नाही. सीटी आकडा (विषाणूचा अंश दिसेपर्यंत यंत्राला लागलेल्या फेऱ्या) जितका लहान तितका विषाणू जास्त. निगेटिव्ह आलं तर आपली नोंदवही उघडा: किती जनावरं दोराकडं आली नव्हती? ती तिघंच आजारी असतील तर त्या निगेटिव्हला फारसा अर्थ नाही, त्यांचं रक्त तपासा. दोराची लाळ ही सुदृढ दिसणाऱ्या कळपावर नजर ठेवायला उत्तम, दर महिन्याला तेच कप्पे, त्याच वयाचे. भडका उडाल्यावर ती अपुरी पडते.

प्रतिपिंडांच्या चाचणीत लस आणि रोग यांची सरमिसळ होते. क्लासिकल स्वाइन फीव्हरची नेहमीची जिवंत लस दिलेल्या कळपात प्रतिपिंडं सापडणारच. लहान पिल्लांत आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडंही दिसतात. नव्या संसर्गानंतर प्रतिपिंडं यायला साधारण आठवडा-दीड आठवडा जातो, म्हणून शंका असेल तर दोन-तीन आठवड्यांनी त्याच कप्प्याचा दुसरा नमुना घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

ताणाचे आकडे वाचताना ‘नॉर्मल किती’ हा प्रश्न सोडून द्या. जात, वय, लिंग, वेळ, संच यांनुसार तो बदलतो. व्यायला टेकलेल्या मादीचं कॉर्टिसॉल तसंही चढलेलं असतं. तुलना स्वतःच्याच शेडशी करा. दूध तोडायच्या दोन दिवस आधी, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं, तीच आठ-दहा खूण केलेली पिल्लं, तीच वेळ. आठवड्यानंतरही आकडा खाली उतरला नसेल तर गर्दी, गारठा, खाद्यातला बदल यांत कारण शोधा. एककं तपासून घ्या: १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजेच २.७६ नॅनोमोल प्रति लिटर. दोन प्रयोगशाळांचे अहवाल यातच उलटसुलट वाचले जातात.

कॉर्टिसॉल वाढलं म्हणजे हालच असंही नाही. खाद्याची बादली दिसली, नर-मादी जवळ आले, तरी ते वाढतं. उलट महिनोन् महिने दाटीत काढलेल्या जनावराचं कॉर्टिसॉल सपाट पडलेलं असू शकतं, आणि कागदावर तो कप्पा सगळ्यात सुखी दिसतो. म्हणून आकड्याच्या शेजारच्या रकान्यात त्याच दिवशी डोळ्यांनी दिसलेलं लिहा: शेपट्या-कान चावल्याच्या जखमा किती, लंगडणारी किती, पाच मिनिटांत किती वेळा खोकली, दुपारी धापा टाकणारी किती. छोट्या फार्मला सुरुवातीला एवढा रकाना आणि महिन्याला एक दोर पुरेसा आहे. क्रोमोग्रॅनिनचा खर्च तेव्हाच करावा, जेव्हा शेडमध्ये एखादा बदल केलाय, जसं की फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे नळ) बसवले किंवा कप्प्यातली संख्या कमी केली, आणि त्याचा फरक आधी-नंतर मोजायचा आहे.